सर्व्हर बंद पडलाय आणि टेबलावर आयपी फोन आहे, आता काय करायचं

सगळ्यात आधी एकच, फोन रीस्टार्ट करू नका. सर्व्हर, म्हणजे ऑफिसचे सगळे कॉल जोडणारा मुख्य कॉम्प्युटर, गेला की जवळजवळ प्रत्येकाचा हात आधी फोनच्या मागच्या वायरकडे जातो, काढायची आणि परत लावायची, आणि जे काही थोडंफार चालू असतं तेही तिथेच जातं. कारण पुढे नीट सांगते. पण आत्ता तुमच्या फोनवर लाल खूण दिसतेय आणि तुम्ही घाईत वाचताय तर एवढं बघा: वायर काढू नका, कॉल चालू असेल तर फोन ठेवू नका, समोरच्याचा मोबाईल नंबर आधी लिहून घ्या, आणि अर्जंट काही असेल तर सरळ मोबाईल उचला, टेबलावरच्या फोनशी झटत बसू नका.

आमच्या ऑफिसात फोनचं सगळं माझ्याकडे असतं, रिसेप्शन, एक्स्टेंशनची यादी, नवीन माणूस आला की त्याला ट्रान्सफर कसं करायचं ते शिकवणं. मी आयटीतली नाही. पण सर्व्हर पडला की पहिले दहा-वीस जण माझ्याच टेबलाशी येऊन उभे राहतात, आणि तेव्हा आयटीवाल्यांच्या डोक्यावर न बसता आपल्याला काय काय करता येतं हे मी त्यांनाच विचारून विचारून शिकले, तेच इथे लिहितेय.

आधी थोडं समजून घ्या, कारण हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप सुचतं. आयपी फोन म्हणजे खरं तर नेटवर्कवर चालणारा छोटा कॉम्प्युटरच. तो चालू झाला की सर्व्हरला जाऊन सांगतो, मी अमुक एक्स्टेंशन, मी या पत्त्यावर आहे, माझा कॉल आला तर इकडे पाठव. याला रजिस्ट्रेशन म्हणतात, आणि ही बोलणी ज्या भाषेत होतात तिला एसआयपी म्हणतात, आज चालतो तो तिचा नियम २००२ साली आला, इंटरनेटच्या नियमांच्या यादीत तो आरएफसी ३२६१. ही हजेरी एकदा लावून भागत नाही, ठरावीक वेळाने परत लावावी लागते, कुठे दर तासाला म्हणजे ३६०० सेकंदांनी, कुठे दोन-पाच मिनिटांनी, जसं सेटिंग असेल तसं. म्हणून होतं काय, सर्व्हर एकाच क्षणी पडतो पण फोन एकेक करून "गेले" असं दाखवतात. शेजारच्या टेबलावर लाल खूण आली, तुमच्याकडे मात्र एक्स्टेंशन नंबर मस्त दिसतोय, तर तुमचा फोन नशीबवान आहे असं समजू नका, त्याला अजून कळलेलंच नाही. डायल टोनचंही तेच. ती टोन बऱ्याच आयपी फोनमध्ये फोन स्वतःच काढतो, जुन्या लँडलाईनसारखी ती एक्स्चेंजमधून येत नाही, त्यामुळे टोन ऐकू आली म्हणजे लाईन चालू आहे असं मुळीच नाही. खात्री एकाच गोष्टीने होते, कॉल लावून बघणे.

आता चालू कॉलचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर. कॉल जोडायचं काम सर्व्हर करतो, पण आवाज दुसऱ्या वाटेने जातो. तुमच्या बोलण्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला ५० पाकिटं जातात, आणि बऱ्याच ठिकाणी ती एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर जातात, मध्ये सर्व्हर नसतोच. त्यामुळे सर्व्हर पडला तरी बोलणं चालू राहू शकतं! आमच्याकडे एकदा असंच झालं, सगळ्या मजल्यावरचे फोन बंद आणि एक सहकारी निवांत बोलतेय, तिला पत्ताच नाही. मी जवळ जाऊन कागदावर "सर्व्हर डाऊन, ठेवू नको" असं लिहून दाखवलं, तिने मान हलवली, आणि मला काहीतरी विचारायचं म्हणून सवयीने होल्डचं बटण दाबलं. स्क्रीनवर ते होल्डचं चिन्ह नुसतं लुकलुकत राहिलं, आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो, अर्ध्या मिनिटाने कॉल तुटला आणि परत लावायचा काही मार्ग नव्हता. नंतर आयटीच्या माणसाने समजावलं की होल्ड, ट्रान्सफर, कॉन्फरन्स यातलं काहीही दाबलं की फोन सर्व्हरला निरोप पाठवतो, उत्तराची साधारण ३२ सेकंद वाट बघतो, आणि उत्तर नाही आलं की कॉल संपला असं धरून चालतो. म्हणून चालू कॉलवर कोणतंही बटण नको. काही विचारायचंच असेल तर रिसिव्हरवर हात ठेवा, जुन्या पद्धतीने. म्यूट मात्र बहुतेक फोनमध्ये फोनच्या आतच होतं, ते चालतं, पण घाईत बोट चुकून होल्डवर पडतं म्हणून मी तर म्हणते हातच ठेवा.

आणि असा वाचलेला कॉलसुद्धा कायमचा टिकेल असं नाही. बऱ्याच सिस्टिममध्ये अर्ध्या तासाचा टायमर असतो, कॉल अजून जिवंत आहे ना हे फोन मधेच सर्व्हरला विचारतो, तिथे उत्तर आलं नाही की कॉल जातो. म्हणून पहिल्या मिनिटातच समोरच्याला सांगून टाका, "आमची फोन सिस्टिम बंद पडलीये, कॉल मधेच तुटेल कदाचित, तुमचा मोबाईल नंबर द्या, माझा घ्या." एवढं वाक्य वेळेवर बोललं तर अर्धं टेन्शन तिथेच संपतं. कॉल रेकॉर्ड होत असेल, किंवा सर्व्हर क्लाउडवर (म्हणजे ऑफिसबाहेर, इंटरनेटवर) असेल, तर आवाजही बहुतेक सर्व्हरमधूनच जातो, अशा वेळी एकदम शांतता होते. हॅलो हॅलो करत बसू नका, दहा सेकंद थांबा, ठेवा आणि मोबाईलवरून लावा.

बिघाड नेमका कुठे आहे ते दोन मिनिटांत कसं बघायचं

"सर्व्हर डाऊन" हा शब्द लोक सगळ्यालाच वापरतात. पण खरंच सर्व्हर गेलाय, की इंटरनेट, की नुसती केबल, यावर पुढे काय करायचं ते ठरतं, म्हणून आधी हे बघाच.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर तो सर्व्हरचा प्रश्नच नाही, वीज नाहीये. ऑफिसातल्या बऱ्याच फोनना वेगळा अडॅप्टर नसतो, नेटवर्कच्या (लॅनच्या) केबलमधूनच वीज येते, त्याला पीओई म्हणतात. एकच फोन काळा असेल तर केबल नीट बसलीये का बघा, अख्खी रांग काळी असेल तर तिकडचा स्विच, म्हणजे फोनच्या केबली जिथे जोडतात तो नेटवर्कचा डबा, बंद पडलाय, आयटीला हेच शब्द सांगा, त्यांचा बराच वेळ वाचेल. स्क्रीन चालू आहे पण नेटवर्क नाही असं म्हणतोय, किंवा मेनूत स्टेटसमध्ये आयपी पत्ता (फोनचा नेटवर्कवरचा नंबर) १६९.२५४ ने सुरू होतोय, तर फोनला पत्ता देणारी यंत्रणाच पोहोचत नाहीये, तोही नेटवर्कचा घोळ. आणि पत्ता नेहमीसारखा आहे, वेळ बरोबर दाखवतोय, फक्त लाईन रजिस्टर नाही, तर मग सर्व्हर किंवा सर्व्हरपर्यंतचा रस्ता.

इथे एक सोपी परीक्षा आहे. मोबाईलवर ऑफिसच्या फोनचं ॲप असेल तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर ते उघडा. ॲप रजिस्टर झालं तर सर्व्हर ठणठणीत आहे, ऑफिसचं इंटरनेट गेलंय, आणि तुमचं काम तिथेच झालं, कारण आता तेच एक्स्टेंशन तुमच्या खिशात आहे, त्यावरून घ्या कॉल. एका कॉलला जी.७११ कोडेकवर (आवाज पाठवायची एक नेहमीची पद्धत) साधारण ९० केबीपीएस लागतात, म्हणजे बऱ्यापैकी डेटा सिग्नल असला की पुरे, हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनवर (फोनचं काम करणारं सॉफ्टवेअर) सुद्धा चालतं. ॲपही रजिस्टर होत नसेल तर मग सर्व्हरच गेलाय असं धरा. फक्त एक, सर्व्हर ऑफिसच्या आतच असेल आणि बाहेरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित रस्ता) लागत असेल, तर ही परीक्षा तशी लागू होत नाही.

कॉल लावल्यावर कधीकधी स्क्रीनवर आकडा येतो, तो लिहून घ्या, फोटो काढलात तर अजून चांगलं. ४०८ म्हणजे फोनच्या निरोपाला वेळेत उत्तरच आलं नाही. ५०३ म्हणजे सर्व्हर किंवा पुढची लाईन आहे, पण आत्ता सेवा देऊ शकत नाही म्हणतेय. ४०३ म्हणजे परवानगी नाकारली, हे वेगळं प्रकरण, पासवर्ड किंवा सेटिंगचं. ४८६ आला तर समोरचा बिझी आहे, बिघाड नाहीच. "फोन चालत नाहीये" यापेक्षा "तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना ४०८ येतोय, पावणेअकरापासून, नेट चालू आहे" असा एक मेसेज आयटीला फार उपयोगी पडतो, आणि तो एकाच माणसाने पाठवायचा, चाळीस जणांनी नाही.

आता रीस्टार्ट का नको ते. फोन सुरू होताना तो नुसता जागा होत नाही, त्याला नवीन पत्ता घ्यावा लागतो, आपलं व्हॉइसचं नेटवर्क शोधावं लागतं, मग सेटिंगची फाईल कुठल्यातरी सर्व्हरवरून उतरवावी लागते, आणि ती फाईल ज्याच्यावर आहे तो सर्व्हर आणि बंद पडलेला सर्व्हर एकच असला तर फोन तिथेच अडकून बसू शकतो. काही फोन जुन्या सेटिंगवर उठतात, पण घड्याळ भलतीच तारीख दाखवतं आणि चालू कॉल तर गेलेलाच असतो. वर तुमचा कॉम्प्युटर फोनच्या मागच्या दुसऱ्या पोर्टमधून जोडलेला असेल (बऱ्याच टेबलांवर तशीच जोडणी असते) तर फोन रीस्टार्ट झाला की त्याचंही नेट तेवढा वेळ जातं, सेव्ह न केलेलं काम असेल तर तेही जायची भीती. फॅक्टरी रीसेट तर कोणीही सांगितलं तरी करू नका. त्यात सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड सगळं पुसलं जातं आणि मग सर्व्हर आला तरी तुमचा फोन येत नाही, कोणीतरी येऊन हाताने लावून देईपर्यंत.

सर्व्हरशिवाय फोन लावायचे मार्ग

काही ऑफिसांत पर्यायी सोय केलेली असते आणि लोकांना माहीतच नसते. कुठे फोनमध्ये दुसरा बॅकअप सर्व्हर भरलेला असतो, फोन थोड्या वेळाने आपोआप तिकडे जातो. कुठे ऑफिसातला राउटरच तात्पुरता सर्व्हर होतो, सिस्को कंपनीच्या सिस्टिममध्ये याला एसआरएसटी म्हणतात, स्क्रीनवर तसा मेसेज येतो, साधे कॉल लागतात पण व्हॉइसमेल वगैरे नेहमीसारखं चालेलच असं नाही. आणि कुठे एखादी जुनी साधी लँडलाईन असते, फॅक्सची म्हणा किंवा लिफ्टमधली, जिचा या सर्व्हरशी संबंध नसतो. लिफ्टची लाईन आपल्या कॉलसाठी अडवायची नाही, तो अडकलेल्या माणसाचा फोन आहे. फॅक्सची लाईन मात्र कुठे आहे आणि तिचा नंबर काय हे आजच विचारून ठेवा.

ऑफिसातल्या ऑफिसात बोलायचं असेल तर थेट आयपी कॉल हा एक प्रकार आहे, फार कमी लोकांना माहीत असतो. यालिंक, ग्रँडस्ट्रीम अशा कंपन्यांच्या फोनमध्ये एक्स्टेंशनच्या जागी समोरच्या फोनचा आयपी पत्ता डायल करता येतो, टिंबाच्या जागी स्टार दाबायचं, म्हणजे १९२*१६८*१*४५ असं. ग्रँडस्ट्रीमला त्यासाठी मेनूत वेगळा पर्याय असतो. पत्ता समोरच्या फोनच्या स्टेटसमध्ये दिसतो. सर्व्हर मध्ये लागत नाही, दोन्ही फोन एकमेकांना नेटवर्कवर दिसले म्हणजे झालं. पण ही सोय सेटिंगमध्ये चालू असावी लागते आणि बऱ्याच ठिकाणी सुरक्षेसाठी ती बंद ठेवतात, त्यात चूक काही नाही, नको ते कॉल त्याच वाटेने येतात. शिवाय पत्ते बदलू शकतात, रीस्टार्ट न करायचं हेही एक कारण. खरं सांगायचं तर शेजारच्या खोलीत विचारायला एवढा खटाटोप नको, उठून जा. याचा खरा उपयोग जिथे मोबाईलला रेंज नाही तिथे, तळघरातलं गोडाऊन, गेटवरची केबिन, मशीन रूम. अशा दोन-चार फोनचे पत्ते आयटीला कायमचे ठरवून द्यायला सांगा, ते कागदावर लिहा आणि एकदा सर्व्हर चालू असतानाच लावून बघा.

इमर्जन्सीला मात्र टेबलावरचा फोन अशा वेळी विसरा. आग, अपघात, कोणाला चक्कर आली, मोबाईलच. आणि पत्ता तोंडाने पूर्ण सांगायचा, इमारत, मजला, कोणत्या बाजूचं दार, सगळं.

बाहेरून येणारे कॉल, ही खरी डोकेदुखी. लोक घाईघाईने आपल्या फोनवर कॉल फॉरवर्ड लावायला जातात. त्याचा उपयोग नाही, कारण फोनवर लावलेलं फॉरवर्ड चालायला कॉल आधी फोनपर्यंत यायला हवा, आणि आणणारा तो सर्व्हरच नाहीये. फॉरवर्ड लावायचं ते कॉल सर्व्हरपर्यंत येण्याआधीच, म्हणजे ज्या कंपनीने तुम्हाला नंबर दिलाय तिच्याकडे. त्यांच्या पोर्टलवर बहुतेक अशी सोय असते की आमचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर कॉल या नंबरवर पाठवा. हे आधीच भरून ठेवलं तर सर्व्हर पडल्यावर कोणाला काही करावंच लागत नाही. एकाच मोबाईलवर देऊ नका, तो मोबाईल दहाव्या मिनिटाला गरम होतो आणि बाकीच्यांना बिझी लागतो, तीन-चार नंबरवर वाटून द्या. पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे आहे हेही आधी बघा, आमच्याकडे तो रजेवर असलेल्या एकाच माणसाला माहीत होता आणि त्या दिवशी आम्ही पाऊण तास त्यालाच शोधत होतो.

मोबाईलवरून ग्राहकांना फोन कराल तेव्हा त्यांना अनोळखी नंबर दिसतो, बरेच जण उचलत नाहीत. आधी छोटा मेसेज टाका, कोण, कुठून, ऑफिसचा फोन बंद आहे म्हणून या नंबरवरून करतेय. शक्यतो ऑफिसचा मोबाईल वापरा, कारण एकदा स्वतःचा नंबर गेला की रविवारीसुद्धा लोक त्यावरच करतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

कागदाची यादी. यावर लोक हसतात, हसू दे. फोनमध्ये नाव शोधलं की नंबर येतो ती डिरेक्टरी बऱ्याचदा सर्व्हरवरच असते, सर्व्हर गेला की ती रिकामी. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास बंद होतं, तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची आतली साधनंसुद्धा त्याच बिघाडात गेली होती, एवढ्या मोठ्या कंपनीचं हे होतं तर आपलं काय घेऊन बसलात. एका पानावर महत्त्वाच्या पंधरा-वीस लोकांचे मोबाईल, आयटीचा नंबर, नंबर देणाऱ्या कंपनीचा हेल्पलाईन नंबर आणि आपला ग्राहक क्रमांक, एवढं छापा आणि फोनच्या खाली चिकटवा. दर तीन महिन्यांनी बदला, खाली तारीख घाला.

आणि "होईल अर्ध्या तासात" यावर दिवसाचं नियोजन करू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये व्हीओआयपी डॉट एमएस या इंटरनेट फोनसेवेवर डीडीओएस हल्ला झाला (मुद्दाम खोट्या मागण्यांची गर्दी करून सर्व्हर बंद पाडायचा), तो प्रकार आठवड्याच्या वर चालला. तासाभरात काही कळलं नाही तर मोबाईलच्या पाळ्या लावा, कोण कधी उचलणार ते ठरवा, चार्जर आणून ठेवा.

सर्व्हर परत आल्यावर

इथे परत तोच मोह होतो, सगळे एकदम फोन रीस्टार्ट करतात. सर्व्हर नुकताच उठलेला असतो आणि शेकडो फोन एकाच वेळी हजेरी लावायला धावले की तो परत गुदमरतो. फोन आपले आपण थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करतच असतात, काहींमध्ये मुद्दाम मागेपुढे वेळ ठेवलेली असते म्हणजे गर्दी होऊ नये. दहा-पंधरा मिनिटं थांबा. तोपर्यंत आजूबाजूचे सगळे आले आणि तुमचाच नाही आला, तर आयटीला विचारून तुमचा एकट्याचा रीस्टार्ट करा, कॉम्प्युटरवरचं काम सेव्ह करून.

मग तपासा. मोबाईलवरून ऑफिसच्या नंबरवर कॉल करा, ऑफिसमधून मोबाईलवर करा, दोन्ही बाजूंनी आवाज येतोय ना ते ऐका (एकाच बाजूने येतो असं बऱ्याचदा होतं), एक कॉल ट्रान्सफर करून बघा, व्हॉइसमेल उघडतोय का बघा. आणि कंपनीकडे हाताने लावलेलं फॉरवर्ड असेल तर ते काढा, लगेच, त्याच दिवशी. आमच्याकडे ते चार दिवस तसंच राहिलं, फोन शांत होते म्हणून सगळे खूश, आणि सगळे कॉल एकीच्या मोबाईलवर जात होते, तिला वाटलं अजून सिस्टिम बंदच आहे.

सुटलेले कॉल तुमच्या फोनच्या मिस्ड कॉलमध्ये दिसणार नाहीत. जो कॉल फोनपर्यंत आलाच नाही तो फोनला कसा माहीत असणार. नंबर देणाऱ्या कंपनीकडे त्या वेळेत आलेल्या कॉलची नोंद सहसा असते, आयटीला सांगून ती मागवा, "सकाळी पावणेअकरा ते दुपारी दोन" अशी वेळ टाकून. ज्यांनी दोन-तीनदा लावलाय त्यांना आधी, बाकीच्यांना नंतर, पण त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना परत फोन करा.